भाचा नवा पायलट, वय १९. मुलाला त्याच्या विमानात बसू द्यावं का?

मुलुंडकरीण
नमस्कार मंडळी. मुलाची दहावी आटोपली, वय १६. मेच्या शेवटी तो न्यू जर्सीला, एडिसनला मामाकडे जातोय. मामेभाऊ १९ वर्षांचा आहे. गेल्या ऑक्टोबरात त्याला प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं. एकूण उड्डाण ७८ तास. विमान फ्लाइंग क्लबचं, सेसना १७२ एस, एका इंजिनाचं चार सीटचं, तिथल्याच कॉल्डवेलच्या विमानतळावरून. बेत असा: आधी मामाच्या घरावर दोन-तीन घिरट्या, मग हडसन नदीवरून स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, आणि अंधार पडता पडता न्यूयॉर्कचे दिवे बघून परत. भाऊ आणि वहिनी मागच्या सीटवर बसणार म्हणतात.

सासूबाईंचा ठाम नकार, नवऱ्याचा बिनशर्त होकार, आणि चिरंजीवांनी मित्रांना सांगूनही टाकलंय. मला विमानातलं ओ की ठो कळत नाही. "घाबरू नका" किंवा "अजिबात नको" यापलीकडे, नेमकं काय विचारायचं आणि काय बघायचं ते सांगाल का?

गिरगावचा_गुंडोपंत
सासूबाईंना +१. १९ वर्षांच्या पोराच्या बाइकवर मागे बसू देत नाही आपण, विमानात कसले बसवता!

पुष्पक_७२
गुंडोपंत, बाइकशी तुलना अगदीच चुकीची नाही. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांचा प्राणघातक अपघातांचा दर साधारण लाख उड्डाण-तासांमागे एक असा आहे. एअरलाइनच्या सुरक्षिततेशी त्याची बरोबरी होतच नाही. पण हा दर सगळ्या उड्डाणांचा मिळून आहे. रात्रीची, ढगातली, ओव्हरलोड केलेली, नातेवाइकाच्या घरावर घिरट्या घालणारी, सगळी त्यात आली. म्हणून ताई, "भाचा चांगला पायलट आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि "हे ठरावीक उड्डाण कसलं आहे" ते बघा. तुम्ही लिहिलेल्या बेतात एकाच संध्याकाळी चार वेगवेगळ्या जोखमी एकमेकींवर रचल्यात.

आधी ७८ तास म्हणजे काय ते. तिथे प्रायव्हेट लायसन्सला किमान वय १७ आणि किमान ४० तास लागतात. त्यात एकट्याने १० तास, रात्रीचे ३ तास, आणि बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावून नुसत्या उपकरणांवरचे ३ तास. बहुतेकांचे लायसन्स हातात येईपर्यंत साठेक तास होतात. म्हणजे ऑक्टोबरनंतर याने फार तर पंधरा-वीस तास उड्डाण केलंय, आणि मध्ये न्यू जर्सीचा हिवाळा गेलाय.

म्हणून एकूण तास विचारू नका. हे विचारा: गेल्या ९० दिवसांत किती तास? गेल्या ३० दिवसांत किती लँडिंग? त्यातली याच मॉडेलवर किती? प्रवासी घेऊन जायला कायद्याने ९० दिवसांत ३ टेक-ऑफ आणि ३ लँडिंग लागतात, बस्स. तीसुद्धा एका इंजिनाच्या कुठल्याही जमिनीवरच्या विमानावर झाली तरी चालतात, पायपर कंपनीच्या विमानावर केली आणि सेसनात प्रवासी बसवले तरी कायदा काही म्हणत नाही. तुम्ही मात्र म्हणा. महिन्याभरात याच विमानावर दहाएक लँडिंग झालेली असावीत, त्यातली एक-दोन इन्स्ट्रक्टर बाजूला असताना.

आणि एक प्रश्न अगदी सहज, गप्पा मारता मारता विचारा: "शेवटचं उड्डाण रद्द कधी केलंस, आणि का?" ज्याला तारीख आणि कारण पटकन सांगता येतं, त्याच्यासोबत मुलाला पाठवण्याचा विचार करता येईल. "अजून तशी वेळच आली नाही" हे उत्तर मला ७८ तासांपेक्षा जास्त खटकेल. हिवाळा काढलेल्या पायलटने एकही उड्डाण रद्द केलेलं नसेल, तर एक तर तो उडालाच नाही, किंवा नको तेव्हा उडाला.

पार्लेकर_बाबा
५० ते ३५० तास हा सगळ्यात धोक्याचा पट्टा असं ऐकलंय. मग ७८ वाला त्यात बरोब्बर सापडला की.

पुष्पक_७२
तो पट्टा जपून वापरा. हौशी पायलटांतले बहुसंख्य त्याच तासांत असतात, तेव्हा अपघातही तिथेच जास्त दिसणार. मात्र एवढं खरं की शंभरेक तासांना हात सफाईदार होतो आणि अंदाज अजून कच्चा असतो.

हडसनकाठी
नदीवरच्या भागाबद्दल लिहितो, कारण या बेतातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे आणि ऐकायला सगळ्यात सोपी वाटते.

नेवार्क, लागार्डिया आणि केनेडी या तीन मोठ्या विमानतळांच्या हद्दीत हडसनवर एक बोळ मोकळा सोडलाय. पाण्यापासून १३०० फुटांच्या खालपर्यंत. यात जमिनीवरचा कंट्रोलर तुम्हाला सांभाळत नाही. पायलटांनीच १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत, किती उंचीवर, कुठल्या दिशेने, हे ठरलेल्या खुणांवर पुकारायचं: जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इन्ट्रेपिड, घड्याळ, पुतळा, व्हेराझानो पूल वगैरे. थेट पार जाणाऱ्यांनी १००० ते १३०० फुटांच्या मध्ये राहायचं, त्याखाली हेलिकॉप्टरं आणि घिरट्या घालणारे. दक्षिणेला जाताना न्यू जर्सीच्या काठाने, उत्तरेला येताना मॅनहॅटनच्या काठाने. वेग १४० नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आत, दिवे चालू, चालू आवृत्तीचा न्यूयॉर्कचा नकाशा विमानात हवा.

हे नियम इतके काटेकोर झाले ते ८ ऑगस्ट २००९ नंतर. त्या दिवशी याच बोळात एक पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून ९ जण गेले. स्वच्छ ऊन होतं, दुपारचे बारा वाजत आले होते.

नव्या पायलटला इथे एकाच वेळी विमान चालवायचं, उंची दोनतीनशे फुटांच्या पट्ट्यात धरायची, रेडिओवर बोलायचं, दुसऱ्यांचं ऐकून ते कुठे आहेत ते डोळ्यांनी शोधायचं असतं. त्यात शेजारी सोळा वर्षांचा भाऊ "ते बघ, ते बघ" करतोय. एफएएचा (अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचा) या बोळासाठी ऑनलाइन कोर्स आहे, तो त्याने केलाय का विचारा. केला असला तरी पहिली फेरी इन्स्ट्रक्टरबरोबर, दुसरी एकट्याने, आणि मगच प्रवासी.

दुसरा मार्गही आहे. १३०० फुटांच्या वर कंट्रोलरची परवानगी घेऊन जाता येतं. तिथे रडारवर तुमच्यावर कोणाची तरी नजर असते. परवानगी गर्दीच्या वेळी मिळत नाही, तेव्हा "नाही मिळाली तर बोळातून जाऊ" असं ठरवून निघू नये. नाही मिळाली तर दुसरीकडे वळायचं.

गिरगावचा_गुंडोपंत
पण त्याच नदीवर सलीसाहेबांनी अख्खं एअरबस उतरवलं होतं ना? सगळे वाचले.

हडसनकाठी
१५ जानेवारी २००९, १५५ जण, सगळे वाचले. चाकं आत घेतलेलं मोठं विमान, दोन मुरलेले पायलट आणि मिनिटांत पोचलेल्या फेरीबोटी. सेसनाची चाकं कायम बाहेर लोंबतात, पाण्याला लागली की विमान नाकावर उलटायचा धोका मोठा. १००० फुटांवर इंजिन बंद पडलं तर १७२ साधारण दीड सागरी मैल तरंगत जाईल, ६८ नॉटने. हातात वेळ सव्वा मिनिटाच्या आसपास. दोन्ही काठांना इमारती, म्हणजे पाणीच. नदीवर जायचंच असेल तर फुगवायची लाइफ जॅकेटं आधीपासून अंगावर, सीटखाली नाही. आणि विमानात बसल्या बसल्या ती फुगवायची नाहीत, बाहेर पडल्यावर. पालथ्या विमानात फुगलेलं जॅकेट माणसाला वर, म्हणजे विमानाच्या जमिनीकडे दाबून धरतं.

ढगाळ_आज
हवामान आणि अंधार. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

मेच्या शेवटी तिथे सूर्यास्त साधारण सव्वाआठला. प्रवासी नेण्यासाठी रात्रीच्या तीन लँडिंगांची जी अट आहे, ती सूर्यास्तानंतर एक तासाने लागू होते, आणि ती लँडिंग पूर्ण थांबून केलेली लागतात. म्हणजे साडेआठला उडून सव्वानऊच्या आत परतलं तर गेल्या सहा महिन्यांत रात्री एकही लँडिंग न केलेला पायलट कायद्याने निर्दोष. पण प्रत्यक्षात तो काळोखात उतरतोय. "दिवे बघून परत" हा बेत नेमका या फटीत बसतो, म्हणून हे विशेष करून लिहिलं.

उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावर हवा धुरकट असते. तीन मैल दृश्यमानता कायद्याला पुरते. त्या तीन मैलांत क्षितिज नावाची गोष्ट दिसतेच असं नाही, आणि खाली पाणी असलं तर आकाश कुठे संपलं ते कळत नाही. कानातला तोल सांभाळणारा भाग सावकाश वळण ओळखत नाही. पायलटला वाटतं विमान सरळ चाललंय, प्रत्यक्षात ते कलून खाली गिरक्या घेत असतं. इलिनॉय विद्यापीठाच्या १९५४ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात उपकरणांवरचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना खोट्या ढगात सोडलं. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले.

आणि याच कॉल्डवेलचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १६ जुलै १९९९ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर बायको आणि मेहुणीला घेऊन इथूनच सूर्यास्तानंतर निघाले. अनुभव तीनशेच्या वर तास, म्हणजे तुमच्या भाच्याच्या चौपट. नुसत्या उपकरणांवर उडायचं रेटिंग नाही, धुरकट रात्र, खाली समुद्र. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने कारण दिलं ते दिशाभ्रमामुळे ताबा सुटल्याचं. अहवालात असंही आहे की त्या दिवशी एका इन्स्ट्रक्टरने सोबत येऊ का विचारलं होतं, आणि त्यांनी एकट्यानेच करायचंय म्हणून सांगितलं.

दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात, जमिनीची ऊब हवा खालीवर ढवळते. तेव्हा वेळ सकाळची, आठ ते दहा. ढगांचा तळ ३००० फुटांच्या वर, दृश्यमानता निदान सहा मैल, जमेल तर दहा. १७२ ला आडवा वारा १५ नॉटपर्यंत झेपल्याचं कंपनीने दाखवलंय. नव्या हातासाठी त्याचा अर्धा धरा. झोत आणि सरासरी वारा यांत पाच नॉटपेक्षा जास्त फरक असेल तर त्या दिवशी घरीच न्याहारी करावी. हे आकडे आदल्या दिवशी लिहून ठेवायचे. रनवेवर उभं राहून ठरवलेले आकडे नेहमी चालू वाऱ्यापेक्षा एकने मोठे निघतात.

मुलुंडकरीण
बाप रे. दिवे रद्द, एवढं माझं मी ठरवलं. पण भाऊ सोबत असला तर बरं नाही का? निदान घरचं मोठं माणूस विमानात असेल.

एएमई_कलिना
ताई, भाऊ ८५-९० किलोचे असतील तर ते घरचं मोठं माणूस नसून माल आहे. रागावू नका, हिशोब बघा.

१७२ एस चं उड्डाणाचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान, आतली उपकरणं धरून, ७७० च्या आसपास. (नेमका आकडा त्या विमानाच्या वजनाच्या कागदावर असतो, प्रत्येकाचा वेगळा.) उरले ३८७. टाक्या भरल्या तर वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे १४४ किलो. उरले २४३. भाचा ७५, मुलगा ६०, मामा ८८, झाले २२३. मामी ६२ धरल्या तर २८५. गेलं की ४२ किलोने वर, अजून बॅग मोजलेलीच नाही.

तोडगा आहे: टाकीच्या तोंडाशी आतल्या पट्टीपर्यंतच भरायचं, म्हणजे ३५ गॅलन, ९५ किलो. मग माणसांना २९२ उरतात. चौघं कागदावर बसले, पण जेमतेम, आणि गरम दिवशी असं भरलेलं १७२ वर चढायला जीव खातं. त्यात एकदा टाकी भरली की काढून घेणं कटकटीचं, आणि फ्लाइंग क्लबात आधीचा माणूस बरेचदा पूर्ण भरून ठेवतो. तेव्हा मामी जमिनीवर, आणि जमलं तर मामाही. तासाला साडेआठ-नऊ गॅलन जातं, दिवसा कायद्याने अर्ध्या तासाचं राखीव लागतं, तुम्ही एक तासाचं धरा. ३५ गॅलनमध्ये सगळं निवांत बसतं.

आता विमान. शेपटीवर एन ने सुरू होणारा नंबर असतो, तो मागून घ्या. एफएएच्या संकेतस्थळावर नोंदणी दिसते, एनटीएसबीच्या यादीत त्या नंबरचा आधीचा अपघात असेल तर तोही. वार्षिक तपासणी १२ महिन्यांच्या आतली हवी. क्लबकडे "तक्रार वही" असते, त्यात सध्या काय काय उघडं आहे ते भाच्याला वाचून दाखवायला सांगा. उघडी तक्रार असणं वाईट नाही. भाच्याला ती माहीत नसणं वाईट.

मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं दोनच गोष्टींत आहे. पहिली, इंधनाचे नमुने. १७२ एस ला १३ ठिकाणी निचऱ्याचे खिळे असतात, दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि नाकाखाली तीन. प्रत्येकातून पारदर्शक पेल्यात थोडं काढून उजेडात धरायचं. इंधन निळं असतं. पाणी जड, ते पेल्याच्या तळाशी बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. पेला अख्खा पाण्याचाच असेल तर रेघ दिसत नाही, म्हणून रंग बघायचा आणि वास घ्यायचा. कोणी तेरातले चार काढून "झालं" म्हणत असेल तर त्याला घाई आहे.

दुसरी, पुढची सीट. सेसनाच्या सीट रुळावर पुढेमागे सरकतात आणि खाचेत खिळा बसून अडकतात. खाच झिजली किंवा खिळा अर्धवट बसला तर टेक-ऑफला नाक वर झालं की सीट सर्रकन मागे जाते, आणि पायलट घाबरून हातातलं दांडकं धरून लटकतो. विमान आणखी नाक वर करतं. या रुळांच्या तपासणीचा एफएएचा सक्तीचा आदेश १९८७ पासून आहे. बसल्यावर, पट्टा बांधल्यावर, सीट दोन्ही हातांनी हलवून बघायची. शेजाऱ्याचीही.

इंजिनाचं तेल ५ क्वार्टच्या (क्वार्ट म्हणजे लिटरला जरा कमी) खाली असेल तर उडायचं नाही, भरती ८ ची. टेक-ऑफआधी १८०० आरपीएमवर दोन्ही मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रं) आळीपाळीने बंद करून बघतात. फेरे १५० पेक्षा जास्त पडता कामा नयेत आणि दोन्हींत ५० पेक्षा जास्त फरक नको. खडखड ऐकू आली आणि पायलट "होतं असं कधीकधी" म्हणाला तर मुलाने उतरायचं. हीटर एक्झॉस्टच्या भोवतालच्या गरम हवेवर चालतो, तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. मेमध्ये हीटर लागणार नाही, तरी डिटेक्टर आहे का बघावं.

विमापत्र
सगळे हवेत आहेत म्हणून जमिनीवरचं लिहितो. ताई, मुलाची ट्रॅव्हल पॉलिसी काढून "अपवाद" हा भाग वाचा. आपल्याकडच्या बहुतेक अपघात आणि प्रवास विम्यांत विमानातला प्रवास झाकलेला असतो तो अधिकृत विमानकंपनीचा तिकीटधारक प्रवासी म्हणून. क्लबच्या विमानात भावासोबत हौसेने गेलात तर अपवाद लागू. अमेरिकेतल्या हॉस्पिटलचं बिल साध्या हाडमोडीलाही काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

क्लबच्या विम्याचं पहिलं पान मागवा. वर "दहा लाख डॉलर" लिहिलेलं असतं, खाली बारीक अक्षरांत प्रत्येक प्रवाशामागे मर्यादा असते, एक लाख डॉलर ही नेहमीची. भाच्याचा स्वतःचा भाडेकरू-पायलट विमा आहे का तेही विचारा.

आणि पैसे. प्रायव्हेट पायलटला भाडं घेता येत नाही, खर्च वाटून घेता येतो, पण स्वतःचा समान वाटा भरावाच लागतो. दोघं असतील तर निम्मा. "आत्याने पूर्ण तासाचे पैसे दिले" असं प्रेमाने करू नका, नियमभंगही होतो आणि विमा कंपनीला हात झटकायला निमित्तही मिळतं.

पार्लेकर_बाबा
सगळे भलतेच घाबरवताय बुवा. जेआरडींना १९२९ साली लायसन्स मिळालं तेव्हा ते २४ वर्षांचे होते. आपल्या जुहूलाच उतरले ना १९३२ मध्ये!

पुष्पक_७२
बाबा, उतरले. १५ ऑक्टोबर १९३२, कराचीहून अहमदाबादमार्गे, पस मॉथ. तोवर लायसन्सला साडेतीन वर्षं झाली होती, वेळ दिवसाची होती, आणि सोबत टपालाच्या थैल्या होत्या. थैल्या "आमच्या घरावरून एक चक्कर मार ना" म्हणत नाहीत.

चकरेचा विषय निघालाच आहे तर तेही. वस्तीवर २००० फुटांच्या त्रिज्येतल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा १००० फूट वर राहायचा नियम आहे. तेवढ्या उंचीवरून मामाचं छप्पर शोधताना पायलट मान वाकडी करून खाली बघतो, वेग कमी होतो, घर पंखाआड जातं म्हणून विमान आणखी कलवतो. ४५ अंश कललं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो, १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. त्याच क्षणी अंगणातून आजी हात हलवतेय म्हणून दुसरी चक्कर. हजार फुटांवर स्टॉल होऊन विमान गिरकीत गेलं तर सावरायला जागा नाही. घर बघायचंच असेल तर २००० फुटांवरून, सरळ जाताना, पंख समांतर ठेवून, एकदा. फोटो नंतर झूम करा.

मुलुंडकरीण
भाच्याला फोन केला. माहिती अशी: ९० दिवसांत ३ तास १० मिनिटं, लँडिंग ५, याच विमानावर. रात्रीचं शेवटचं लँडिंग लायसन्सच्या परीक्षेच्या आधीचं. बोळाचा कोर्स केलाय, प्रत्यक्ष गेलाय एकदाच, इन्स्ट्रक्टरसोबत. उड्डाण रद्द कधी केलंस विचारल्यावर लगेच म्हणाला, "मार्चमध्ये दोनदा, आत्या. एकदा वारा २२ ला झोत मारत होता, एकदा मलाच सर्दी होती, कान बंद होता."

पुष्पक_७२
पोरगा चांगला आहे. फक्त हात गंजलाय, आणि ते सुधारता येतं.

माझं मत: मुलाला पाठवा, पण या बेतावर नाही. मुलगा पोचायच्या आधीच्या तीन आठवड्यांत भाच्याने इन्स्ट्रक्टरसोबत एक आणि एकट्याने दोन-तीन उड्डाणं करावीत. मग सकाळच्या वेळी भाचा डावीकडे, इन्स्ट्रक्टर उजवीकडे, मुलगा मागे. नदी त्या दिवशी. मागे प्रवासी बसवून इन्स्ट्रक्टरसोबत उडायला क्लबची आणि विम्याची हरकत नाही ना, ते आधी विचारावं, काही क्लब नाही म्हणतात.

इन्स्ट्रक्टर बसवला की झालं, असं मात्र नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये बेसबॉलपटू कोरी लायडल शंभराच्या आत तास असताना इन्स्ट्रक्टरला सोबत घेऊन ईस्ट रिव्हरवर गेला, अरुंद जागेत आडव्या वाऱ्यात यू-टर्न घेतला आणि दोघंही इमारतीवर आदळून गेले. तेव्हा हुद्दा ठरवून घ्या: विमानाचा कमांडर कोण, हे इंजिन सुरू व्हायच्या आधी मोठ्याने बोलून ठरवायचं. दोघांनाही दुसरा सांभाळतोय असं वाटत राहणं सगळ्यात वाईट.

ते उड्डाण नीट झालं तर दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ, तेवढेच, कॉल्डवेलवरून पश्चिमेकडे मोकळ्या भागात पाऊण तास. न्यू जर्सीत २१ च्या आतल्या नव्या ड्रायव्हरला मोटारीत एकच जादा प्रवासी घेता येतो. विमानाला तसा नियम नाही, तुम्ही करा.

मुलाने "मला शिकायचंय" असा हट्ट धरला तर लक्षात ठेवा, परदेशी नागरिकाला तिथे विमान प्रशिक्षण घ्यायला आधी टीएसएची (तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी लागते आणि पर्यटक व्हिसावर ते करता येत नाही. फ्लाइंग स्कूलची ओळखीची डेमो फेरी त्यात मोडत नाही. ईएए या हौशी वैमानिकांच्या संस्थेचे यंग ईगल्स कार्यक्रमही असतात, ८ ते १७ वयाच्या मुलांना फुकट फेरी, पालकाची सही लागते.

हडसनकाठी
पुष्पकांशी सहमत, फक्त नदीचा दिवस शनिवार-रविवार नको. मंगळवार-बुधवार सकाळी बोळात निम्मीही गर्दी नसते.

ढगाळ_आज
"मुलगा ४ जूनला परत जाणार, त्याआधी झालंच पाहिजे" असं कोणी म्हणायला लागलं की समजा हवामान बिघडलं. तीन वेगवेगळ्या सकाळी राखून ठेवा आणि तिन्ही फुकट गेल्या तर चालेल असं मुलाला इथूनच सांगून पाठवा. मित्रांना सांगितलंय ना त्याने, तो दबाव भाच्यावर पोचतो.

मुलुंडकरीण
मुलाला काय काय सांगू? यादी करून देते, नाहीतर विसरेल.

एएमई_कलिना
प्रोपेलर बंद असला तरी त्याला हात लावायचा नाही, त्याच्या समोरून जायचं नाही. मॅग्नेटोची किल्ली चुकून चालू राहिली असेल तर हाताने हलवलेला पंखाही इंजिन पेटवू शकतो. विमानाकडे नेहमी पंखाच्या मागच्या बाजूने, आधाराच्या तिरक्या दांड्यामागून यायचं. दार उडताना उघडलं तर आवाज होतो, वारा येतो, बाकी काही होत नाही. ओढून बंद करायच्या भानगडीत पडायचं नाही, पायलटला शांतपणे उतरू द्यायचं.

पुष्पक_७२
टेक-ऑफ, लँडिंग आणि रेडिओ चालू असताना गप्प. अपवाद एकच: दुसरं विमान दिसलं तर बोट दाखवून लगेच सांगायचं, पायलटला वाईट वाटेल म्हणून थांबायचं नाही. भाच्याने रनवेच्या जवळ येऊन लँडिंग सोडून पुन्हा वर नेलं तर टोमणा मारायचा नाही. उलट शाबासकी द्यायची.

आणि "मला मळमळतंय, परत जाऊ" एवढं म्हटलं की भाच्याने कारण न विचारता वळायचं, हे दोघांनी आधी ठरवून ठेवावं. खरंच मळमळत असो वा नसो. सोळाव्या वर्षी "मला भीती वाटतेय" म्हणवत नाही, मळमळतंय म्हणता येतं.

मुलुंडकरीण
हे फार उपयोगी. भाऊ फुगलाय, पण मामी जमिनीवरून फोटो काढणार आहेत त्यामुळे तोही तिथेच थांबतोय. भाच्याने इन्स्ट्रक्टरची १२ तारीख घेतली. ट्रॅव्हल पॉलिसीत विमापत्र म्हणाले तोच अपवाद सापडला, त्याचं बघतेय. शेवटचा प्रश्न: मागे बसलेल्याला फोटोसाठी खिडकी उघडता येते का?

एएमई_कलिना
मागची नाही उघडत. पुढची उघडते, पण इन्स्ट्रक्टरला विचारून, आणि फोनला मनगटाची दोरी बांधूनच. मागून काचेतून काढायचा तर फोन काचेला टेकवू नका, थरथर फोटोत उतरते. आणि गडद शर्ट घाला, पांढऱ्या शर्टचं प्रतिबिंब काचेत येतं.